तुझं किती आलं?

जानेवारीतली दुपार. शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती आणि बीजगणिताचा पेपर नुकताच सुटला होता. भाचीला न्यायला मी फाटकाबाहेर उभी होते. मुलं एकेक करून बाहेर येत होती, काखेत पॅड, हातात कंपासपेटी, चेहरे उन्हापेक्षा पेपरने जास्त उतरलेले. कोणी घराकडे वळत नव्हतं. उसाच्या रसाच्या गाडीपाशी घोळका जमला आणि नेहमीचा प्रश्न कानावर आला, "तुझं किती आलं?"

भाचीचं आलं होतं २३८०. तिच्या वर्गातल्या एका मुलाचं २५२०. "पैज लाव," तो म्हणाला. एवढ्यात तिसरी मैत्रीण पुढे झाली. "माझंपण दोन हजार पाचशे वीस." दोघांविरुद्ध एक. भाचीचा चेहरा पडला. घरी येईपर्यंत ती एवढंच म्हणत राहिली, "मावशी, तीन मार्क गेले."

प्रश्न साधा होता. १ आणि १४० यांच्या दरम्यानच्या, ४ ने भाग जाणाऱ्या सगळ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज काढा. अंकगणिती श्रेढीचं सूत्र तिघांनीही तेच वापरलं होतं, गुणाकारही बरोबर केले होते, तरी उत्तरं दोन आली. त्या दोन उत्तरांच्या मध्ये काय काय दडलेलं असतं, ते उलगडण्यासाठी हा लेख.

कोणालाही विचारण्याआधी एक बेरीज-वजाबाकी करून पाहा. २५२० मधून २३८० वजा केले की उरतात १४०. दोन उत्तरांतला फरक नेमका प्रश्नातल्या शेवटच्या संख्येएवढा आहे. म्हणजे एकाने १४० धरले आणि दुसरीने सोडले. ४ पासून १४० पर्यंत अशा ३५ संख्या आहेत, त्यांची बेरीज २५२०. ४ पासून १३६ पर्यंत ३४ संख्या, त्यांची बेरीज २३८०. चूक सूत्रात नव्हती, आकडेमोडीतही नव्हती. सगळा वाद 'दरम्यान' या एका शब्दाचा होता. 'पासून–पर्यंत' म्हटलं की दोन्ही टोकं धरायची आणि 'दरम्यान' म्हटलं की दोन्ही टोकं सोडायची, हा गणितातला रिवाज. त्या हिशेबाने एकटी पडलेली भाचीच बरोबर होती.

फरक बोलतो

पेपर सुटल्यावर मुलं उत्तरं जुळतात की नाही एवढंच पाहतात. जुळली की सुस्कारा, नाही जुळली की रडारड. पण न जुळलेल्या दोन उत्तरांमधला फरक हा मोठा बोलका साक्षीदार असतो, आणि त्याची उलटतपासणी करायची पद्धत दुकानदारांना शाळेपेक्षा आधीपासून माहीत आहे.

जुन्या पेढीवरचे दिवाणजी घ्या. रोकड आणि वही जुळली नाही की ते आधी फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहत. जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घेत. ६३ च्या जागी ३६ लिहिले गेले, तर फरक २७. ८१ च्या जागी १८, फरक ६३. यामागे जादू नाही. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल तर संख्या होते १०अ + ब. उलटी केली की १०ब + अ. वजाबाकी केली की ९ गुणिले अ आणि ब यांतला फरक, म्हणजे ९ ची पट असणारच. दोन अंकी संख्या आणि तिची उलटी संख्या यांवरची उदाहरणं दहावीची मुलं दोन चलांच्या समीकरणांत सोडवतात. पण प्रश्नपत्रिकेवरून संख्या उतरवताना झालेली आपलीच चूक त्याच युक्तीने सापडते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

फरकाच्या इतरही ओळखीच्या खुणा आहेत. एक उत्तर दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असेल, तर श्रेढीच्या बेरजेतला किंवा त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला २ ने करायचा भागाकार एकाचा राहून गेला असावा. आकडा तोच पण चिन्ह उलटं असेल, तर समान चिन्हाच्या पलीकडे पद नेताना कोणाचं तरी चिन्ह बदलायचं राहिलं. एक तिसरीही तऱ्हा आहे, त्यात उत्तरं फक्त वेगळी दिसतात. झाडाची उंची एकीने २०√३ मीटर काढली, दुसरीने ६० भागिले √३ असं ठेवलं आणि तिसऱ्याने √३ ची किंमत १.७३ घेऊन ३४.६ लिहिलं. तिघं एकमेकांकडे संशयाने पाहतात, पण झाड एकाच उंचीचं आहे. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय ३.१४ घेतला तर ३१४ येतं आणि २२/७ घेतला तर ३१४.२८ च्या आसपास. हा वाद नाहीच. प्रश्नात कोणती किंमत घ्यायला सांगितली होती, तेवढं पाहायचं.

थोडक्यात, उत्तर जुळलं नाही तर हळहळण्याआधी वजाबाकी करावी, भागाकार करून पाहावा. दहातल्या पाच वेळा चूक स्वतःच हात वर करते.

बहुमताने गणित सुटतं का?

आता त्या 'दोघांविरुद्ध एक'कडे वळू. भाची खचली ती आपलं उत्तर चुकलं हे कळल्याने नाही. ती अल्पमतात गेली होती, तेवढंच. आणि घोळक्यातल्या निकालाची रीतच अशी, चार जणांचं जे उत्तर तेच खरं.

या रीतीला काही आधार आहे का? आहे, पण अटी घालून. फ्रान्सच्या कोंदोर्से या गणितज्ञाने १७८५ साली बहुमताच्या निर्णयांचं गणित मांडलं. समजा, तीन जणांपैकी प्रत्येक जण एखादा प्रश्न १०० पैकी ६० वेळा बरोबर सोडवतो आणि प्रत्येकाने तो स्वतंत्रपणे सोडवला आहे. मग त्यांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता ६० वरून ६४.८ टक्क्यांवर जाते. माणसं वाढवली की ती आणखी वाढत जाते. इथपर्यंत घोळक्याचं म्हणणं खरं.

पण प्रश्न अवघड किंवा फसवा असेल आणि प्रत्येक जण १०० पैकी ४० वेळाच बरोबर येत असेल, तर त्याच तिघांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता ३५.२ टक्क्यांवर घसरते. इथे माणसं वाढवली तर बहुमत आणखी चुकीचं होत जातं. सोप्या प्रश्नावर गर्दीचं ऐकावं, फसव्या प्रश्नावर ऐकू नये, असा याचा अर्थ. पंचाईत अशी की वाद नेमका फसव्या प्रश्नांवरच होतो.

दुसरी अट 'स्वतंत्रपणे' या शब्दात आहे. २५२० वाली दोघं एकाच क्लासला जात होती. तिथे त्यांना एक झटपट युक्ती शिकवली होती. शेवटच्या संख्येला भाग जातो का पाहा, जात असेल तर तीच शेवटचं पद. 'पर्यंत'च्या प्रश्नांना ती चालते, 'दरम्यान'च्या प्रश्नाला चालत नाही. तेव्हा दोघांचं उत्तर जुळलं यात नवल काहीच नव्हतं. दोन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर साक्ष दोन नव्हे, एकच धरायची असते.

प्रश्नाच्या प्रकारानेही जुळण्याचं वजन बदलतं. चार पर्यायांच्या प्रश्नात दोन मुलांनी डोळे मिटून खूण केली, तरी त्यांचा पर्याय चारातून एकदा जुळणारच. आणि दोघांचा एकच चुकीचा पर्याय येण्याची संभाव्यता ३/१६ आहे, म्हणजे जवळजवळ पाचातून एकदा. शिवाय पर्याय काही उगाच रचलेले नसतात. चिन्ह विसरणाऱ्यासाठी एक, २ ने भागायला विसरणाऱ्यासाठी एक, असे नेहमीच्या चुकांचे सापळे लावूनच ते दिलेले असतात. त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नात 'आपलं जुळलं' म्हणून टाळी देण्यात फारसा अर्थ नाही. पूर्ण सोडवायच्या उदाहरणात २३८० सारखा चार अंकी आकडा दोघींचा वेगवेगळ्या रीतीने आला, तर मात्र ती साक्ष भक्कम.

"आधी बरोबर होतं, खोडलं आणि घालवलं"

रसाच्या गाडीपाशी आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पहिल्यांदा बरोबर लिहिलं होतं रे, मग उगाच खोडलं!" त्याच्या जोडीला मोठ्यांचा सल्ला तयारच असतो, पहिलं मन सांगतं तेच लिहावं, बदलू नये.

हा सल्ला अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. जस्टिन क्रुगर, डेरिक वर्ट्झ आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एका परीक्षेच्या १,५६१ उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांतल्या खोडाखोडीच्या खुणा मोजल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरकडे गेली होती, २५ टक्के बरोबरवरून चुकीकडे आणि २३ टक्के एका चुकीवरून दुसऱ्या चुकीकडे. फायद्याचे बदल नुकसानीच्या बदलांच्या दुप्पट निघाले.

मग सगळ्यांचा अनुभव उलटा का? कारण पेपर सुटल्यावरच्या गप्पांत हिशेब सारखा मांडला जात नाही. बदलल्यामुळे वाचलेला गुण कोणी मिरवत नाही, तो आपला हक्काचाच वाटतो. हातात आलेला गुण आपणच घालवला ही टोचणी मात्र वर्षानुवर्षं राहते. म्हणजे घोळका नुसती उत्तरं जुळवत नसतो, तिथे आठवणींचीही निवड होत असते. ती निवड पुढच्या पेपरला चुकीचा सल्ला देते. उजळणी करताना खरी शंका आली आणि तिला कारण सापडलं, तर खोडावं. एक जागा मात्र सांभाळायची. राज्य मंडळाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्नांना पहिला प्रयत्नच ग्राह्य धरला जाईल अशी सूचना असते. तिथे विचार आधी, पेन नंतर.

गुण कुठे असतात

उत्तरं जुळवणाऱ्या मुलांच्या मनातला हिशेब असा, उत्तर बरोबर तर पूर्ण गुण, चूक तर शून्य. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताची रचना या हिशेबाशी जुळत नाही. भाग एक बीजगणिताचा आणि भाग दोन भूमितीचा. प्रत्येकी ४० गुण, वेळ दोन तास. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. या ४० पैकी बहुपर्यायी प्रश्न ४ गुणांचे असतात. पुढचे ४ गुण एकेका गुणाच्या छोट्या प्रश्नांचे. मग चौकटी भरून पूर्ण करायच्या कृती आणि दोन, तीन, चार गुणांची उदाहरणं.

ही उदाहरणं पायरीपायरीने तपासली जातात. सूत्र, किमती घालणं, मधली आकडेमोड, शेवटचं उत्तर आणि त्याचं एकक, अशी गुणांची वाटणी होते. त्यामुळे शेवटचा आकडा चुकला तरी तोवरच्या वाटचालीचे गुण मिळतात. आणि कच्च्या कामात कुठेतरी काढून उत्तर तेवढं बरोबर लिहिणाऱ्याचे गुण कापलेही जातात. पेपर सुटल्यावर "माझंही २३८० आलं" म्हणून नाचणाऱ्या दोघांना तपासनीस वेगवेगळे गुण देऊ शकतो.

भूमितीच्या पेपरनंतर तर हा प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. प्रमेय सिद्ध करायचं असेल, तर जुळवायला आकडाच नसतो. जे सिद्ध करायचं ते प्रश्नातच छापलेलं असतं. तेव्हा घोळक्यातली भाषा आपोआप बदलते. "तू कोणते त्रिकोण घेतलेस?" "कोको कसोटीने केलंस की बाकोबाने?" "तो कोन समान का, ते कारण लिहिलंस ना?" इथे मुलं रस्ता जुळवतात, मुक्काम नाही. मला विचाराल तर त्या दुपारच्या गप्पांतलं हेच खरं गणित. बीजगणिताच्या पेपरनंतरही असंच बोलावं, एवढंच म्हणणं आहे.

हॅनाच्या गोळ्या

असा प्रसंग एकदा एका सबंध देशाने पाहिला आहे. ४ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलांनी जीसीएसई गणिताचा पेपर दिला. परीक्षा घेणाऱ्या मंडळाचं नाव एडेक्सेल. पेपर सुटताच ट्विटरवर एकाच प्रश्नाचा गजर सुरू झाला. आपल्याकडे रसाच्या गाडीपाशी जे होतं, तेच तिथे लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत झालं.

प्रश्नातल्या हॅनाच्या पिशवीत काही गोळ्या आहेत. त्यांतल्या ६ नारिंगी, बाकीच्या पिवळ्या. ती न पाहता एक काढून खाते, मग आणखी एक काढून खाते. दोन्ही नारिंगी असण्याची संभाव्यता १/३ आहे. एकूण गोळ्या क्ष मानल्या, तर क्षचा वर्ग वजा क्ष वजा ९० बरोबर शून्य, हे दाखवा.

मुलं भडकली ती इथे. गोळ्या खाता खाता मध्येच वर्गसमीकरण आलं कुठून? गुणांची मर्यादा खाली आणावी म्हणून सह्यांची मोहीमही निघाली. आणि उकल? चार ओळींची. पहिली गोळी नारिंगी असण्याची संभाव्यता ६ भागिले क्ष. ती खाल्ल्यावर पिशवीत एक गोळी कमी आणि नारिंगी ५ उरल्या, म्हणून दुसरीची संभाव्यता ५ भागिले (क्ष − १). दोन्हींचा गुणाकार ३० भागिले क्ष(क्ष − १), आणि तो १/३ एवढा. तिरकस गुणाकार केला की क्ष(क्ष − १) बरोबर ९०. झालं समीकरण.

पुढच्या भागात ते सोडवून गोळ्यांची संख्या काढायची होती. अवयव पाडले की क्ष बरोबर १० किंवा उणे ९. उणे ९ गोळ्या पिशवीत मावत नाहीत, म्हणून १०. आता पडताळून पाहा. ६/१० गुणिले ५/९ म्हणजे ३०/९०, म्हणजे १/३. जमलं.

आपल्या दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं दुसऱ्या प्रकरणात येतात आणि संभाव्यता पाचव्या. मुलांना दोन्ही येतं, पण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेलं असतं. हॅनाच्या प्रश्नाने मधली भिंत पाडली आणि गोंधळ उडाला तो त्या भिंतीचा. लक्षात घ्या, पहिल्या भागात 'उत्तर' प्रश्नातच दिलेलं होतं. तरीही इतकी मुलं रात्री उशिरापर्यंत एकमेकांना विचारत राहिली, कारण त्यांना उत्तर नको होतं, वाट हवी होती.

भांडणातून शिकणं

पेपर झाल्यावर बोलू नये, झालं ते झालं, पुढच्या पेपराचा अभ्यास करा, असं शिक्षक आणि पालक बजावतात. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी पेपर असेल आणि मूल आधीच धास्तावलेलं असेल, तर चार गुणांच्या शोकाने रात्र घालवण्यात शहाणपण नाही. शिवाय प्रश्नपत्रिकेवर काही खरडायचं नसतं. त्यामुळे मुलं जुळवतात ती दोन तासांच्या धावपळीनंतर आठवणारी उत्तरं, आणि ती आठवण कागदावर लिहिलेल्याशी जुळेलच असं नाही. घरी रडून झाल्यावर आपण प्रत्यक्षात बरोबर लिहिलं होतं, असं कळलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात.

उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र पुरावा उलट बाजूने आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. जनुकशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना एक प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, मग शेजाऱ्यांशी चर्चा करू दिली आणि नंतर त्याच तत्त्वावरचा, पण नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवायला लावला. चर्चेनंतर विद्यार्थी सुधारले. हुशार शेजाऱ्याची नक्कल केली असं म्हणायला जागा नव्हती, कारण ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, तिथेही सुधारणा दिसली. कारणं सांगताना, ऐकताना आणि खोडून काढताना माणूस शिकतो.

दुसरा निष्कर्ष चुकणाऱ्यांना दिलासा देणारा आहे. बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवलं, की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री असते, ते दुरुस्त करून दिल्यावर तेच सर्वांत चांगलं लक्षात राहतं. अंदाजाने ठोकलेलं चुकलं तर आपण खांदे उडवतो. छातीठोकपणे सांगितलेलं चुकलं की धक्का बसतो, आणि तो धक्का पुढची दुरुस्ती घट्ट बसवतो. रसाच्या गाडीपाशी 'पैज लाव' म्हणणारा तो मुलगा 'दरम्यान'चा अर्थ आता जन्मात विसरणार नाही.

तुलना आणि ताळा

तरीही शेजाऱ्याचं उत्तर हा पुरावा नव्हे. पुराव्यासाठी आपल्या भाषेत जुना, नेमका शब्द आहे, ताळा. पूर्वी पाटीवर भागाकार झाला की मास्तर विचारत, "ताळा केलास?" मग भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून मूळ संख्या परत येते का, ते पाहायचं. ताळा जमला की विषय संपला, मग वर्गात कोणाचं काय आलं याच्याशी देणंघेणं नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, उत्तरावरून उलट्या पावलांनी मूळ संख्येपर्यंत जाण्याची रीत दिली आहे. तिचं नाव व्यस्तविधी. बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ.

दहावीच्या बीजगणितातल्या बहुतेक उदाहरणांना असा ताळा आहे. समीकरणाची उकल काढली? ती समीकरणात घालून पाहा. क्रेमरच्या पद्धतीने क्ष आणि य आले? दोन्ही समीकरणांत घाला, एकातच नको. श्रेढीची बेरीज आली? पहिलं आणि शेवटचं पद लिहून बघा, शेवटचं पद प्रश्नाच्या अटीत बसतं का. भाचीने नेमकं हेच केलं होतं. १३६ लिहून त्यापुढे १४० येतात हे पाहिलं होतं, आणि 'दरम्यान' वाचून ते सोडले होते. घोळक्यात तिला ते आठवलं नाही, कारण तिला कोणी 'का' विचारलंच नाही. विचारलं ते 'किती'.

हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने उदाहरणं कशी सोडवावीत यावर १९४५ साली एक पुस्तक लिहिलं, ते आजही शिकवलं जातं. त्यात त्याने सोडवण्याचे चार टप्पे सांगितले आहेत. प्रश्न समजून घेणं, योजना आखणं, ती तडीस नेणं आणि मागे वळून पाहणं. दोन तासांच्या पेपरात चौथ्या टप्प्याला वेळ उरत नाही. फाटकाबाहेरच्या गप्पा म्हणजे तोच राहिलेला टप्पा, फक्त घाईत आणि घाबरत पार पाडलेला.

म्हणून मुलांना एक विनंती. पेपर सुटल्यावर जुळवायचंच असेल, तर आकडा सांगण्याआधी पहिली ओळ सांगा. काय मानलं, कोणतं सूत्र घेतलं, शेवटचं पद कोणतं धरलं. उत्तरं वेगळी आली तर आधी वजाबाकी करा. मग उत्तर प्रश्नात परत घालून ताळा पाहा, मतं मोजू नका. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर प्रश्नपत्रिकेची घडी घालून दप्तरात ठेवा आणि शेवटच्या पेपरानंतर काढा. ती रद्दीत मात्र घालू नका. ज्या एका प्रश्नावर वाद झाला, तो पुन्हा एकदा कोऱ्या कागदावर सोडवलात, तर पुढच्या परीक्षेची निम्मी तयारी त्यातच होईल.

आठवड्याने पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गात वाटल्या. त्या प्रश्नाला भाचीला तीनपैकी तीन गुण मिळाले. २५२० वाल्या दोघांना प्रत्येकी दोन, कारण श्रेढी, सूत्र आणि मांडणी बरोबर होती. वाद एवढा झाला, पण फरक एका गुणाचा होता.